छत उघडायचे, पण नागपुरात नेमके केव्हा?

पश्चिम नागपुरात स्वतःचे क्लिनिक असलेल्या एका दंतवैद्य वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय ५२. घरात एक मोठी एसयूव्ही आहे आणि घराच्या गरजांसाठी ती पुरेशी आहे, असे त्या स्वतःच लिहितात. दोन आसनांच्या, छत उघडणाऱ्या देखण्या गाडीची त्यांना कॉलेजच्या दिवसांपासून हौस आहे. मुलीचे शिक्षण झाले, क्लिनिकचे कर्ज फिटले, तेव्हा आता ती पुरी करावी असे त्यांच्या मनात आहे. ३५ लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दिल्लीतला एक विक्रेता २०१२ साली नोंदणी झालेली, ३८ हजार किलोमीटर चाललेली बीएमडब्ल्यू झेड-फोर एस-ड्राइव्ह ३५ आय ही गाडी २८ लाखांना देऊ करतो आहे आणि टोकनसाठी घाई करतो आहे. गाडीचे छत धातूचे असल्याने ऊन-पावसाची चिंता नाही, समृद्धी महामार्ग दाराशी आहे आणि अशा गाडीची किंमत आता फारशी उतरणार नाही, असा त्यांचा हिशेब आहे. यजमानांचे म्हणणे असे की, ‘उन्हात बसवणार नाही, डिकीत काही मावणार नाही आणि या वयात हे काय नवे खूळ?’ धाकटा भाऊ म्हणतो, जुनी कशाला, कर्ज काढून नवीच घे. त्यांचे प्रश्न दोन आहेत: ही गाडी घ्यावी का? आणि मुळात अशी हौस करणे चुकीचे आहे का?

नमस्कार डॉक्टर,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. चुकीचे नाही. कर्ज फेडून झाल्यावर, घरातल्या कोणाच्याही वाटणीचे न काढता, स्वतःच्या कमाईतून केलेल्या हौसेला कोणाच्या परवानगीची गरज नसते. यजमानांच्या तीन आक्षेपांपैकी वयाचा आक्षेप त्यामुळे मी बाजूला ठेवतो. अशी गाडी घेण्याइतका पैसा आणि निवांतपणा आपल्याकडे बहुतेकांना पन्नाशीच्या आसपासच लाभतो. उन्हाचा आणि डिकीचा हे दोन आक्षेप मात्र रास्त आहेत आणि तुमच्या सविस्तर पत्रात त्यांना नीटसे उत्तर मिळालेले नाही.

पत्र वाचताना जाणवले ते असे की, गाडीबद्दल तुम्ही भरपूर वाचले आहे, पण ती वापरण्याचे एकच चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे: समृद्धी महामार्ग, उघडे छत आणि १२० चा वेग. हे चित्र छायाचित्रात सुंदर दिसते. प्रत्यक्षात १२० च्या वेगाला उघड्या गाडीत वाऱ्याचा असा घोंगावा सुरू होतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला ओरडावे लागते आणि तासाभरात डोके जड होते. महामार्ग सुरू होतो त्या शिवमडक्यापासून पुढे मैलोन्मैल सावलीचे नाव नाही. वरून ऊन आणि खालून काँक्रीटची धग, अशा दोन्ही बाजूंनी माणूस भाजून निघतो. अशा गाड्यांचे जुने मालक महामार्गावर छत मिटूनच जातात, आणि छत मिटल्यावर उरते ती एक ठेंगणी, कडक सस्पेन्शनची, दोन माणसांची गाडी. लांबच्या प्रवासासाठी घरातली एसयूव्ही तिच्यापेक्षा कितीतरी सुखाची ठरेल.

उघड्या गाडीची खरी गंमत ताशी ४० ते ७० किलोमीटरच्या वेगात असते. सेमिनरी हिल्सच्या झाडीतला वळणांचा रस्ता, फुटाळ्याच्या काठची भल्या पहाटेची फेरी, गोरेवाड्याच्या बाजूने काटोल रोडला निघणे किंवा मनसरवरून रामटेकला जाणे यांत ती गंमत पुरेपूर मिळते. चिखलदऱ्याचा घाटही हिवाळ्यात उत्तम, मात्र परतवाड्यापर्यंत छत मिटलेले बरे. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी उघडी गाडी म्हणजे १९८९ पासून बनत असलेली माझदा एमएक्स-फाइव्ह. तिचे पहिले रूप जेमतेम एक टन वजनाचे होते आणि तिच्या इंजिनाची ताकद आजच्या साध्या सेडानहून फार जास्त नव्हती, तरी जगभर लोक तिच्यासाठी वेडे झाले. ती भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, म्हणून तुमच्या यादीत ती येणार नाही. तिचा उल्लेख एवढ्यासाठीच की तुमच्या पत्रात ३०६ अश्वशक्तीचा उल्लेख चार ठिकाणी आला आहे आणि छताच्या अवस्थेबद्दल विक्रेत्याला विचारलेला एकही प्रश्न नाही.

आता दिनदर्शिका घेऊन बसा. नागपुरात छत उघडण्याजोगा काळ म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा. त्यातही भर दुपार वगळावी लागते, कारण जानेवारीतसुद्धा दुपारी बाराचे ऊन उघड्या डोक्यावर चांगलेच लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा हीटर पायांवर घेऊन, गळ्याला मफलर बांधून निघण्यात मजा आहे. एप्रिलपासून मान्सून येईपर्यंत छताचा विचारही करू नये. पारा ४५ च्या पुढे गेलेल्या दिवसांत रात्री दहालाही गरम झळा येतात आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, स्टीअरिंगला हात लावणे जिकिरीचे होते. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर एखादी संध्याकाळ साधते. ऑक्टोबरचे ऊन तुम्हाला सांगायला नकोच. त्यात तुमचे क्लिनिक सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा चालते, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे उरल्या हिवाळ्यातल्या पहाटा आणि रविवार. हे थोडे आहे असे मी म्हणत नाही. तुमच्या आठवड्यात खरोखर मोकळे असलेले तास आधी दिनदर्शिकेवर खुणा करून पाहा आणि तेवढ्या तासांसाठी ३५ लाख मनाला पटतात का, हे स्वतःशी ठरवा. पटत असतील तर पुढचे वाचा.

धातूचे छत म्हणजे ऊन-पावसाची चिंता नाही, हा तुमचा समज अर्धा खरा आहे. तुम्ही पाहिलेली झेड-फोर ही त्या गाडीची दुसरी पिढी. तिचे उत्पादन २००९ ते २०१६ या काळात जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग येथे होत असे. तिचे बाह्यरूप युलियाने ब्लाझी यांनी आणि अंतर्भाग नाद्या आर्नाऊट यांनी रेखाटला. दोन स्त्रियांनी घडवलेली स्पोर्ट्‌स कार त्या काळी अपूर्वाईचीच होती आणि लांब बॉनेटची ती रेषा आजही जुनी वाटत नाही, हे तुमच्या निवडीचे कौतुक म्हणून सांगतो. छत ॲल्युमिनियमचे, दोन तुकड्यांचे असून सुमारे २० सेकंदांत दुमडून डिकीत जाते. बंद असताना गाडी हुबेहूब कूपेसारखी, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीसारखी, शांत आणि थंड राहते. एसी टिकून राहतो. उन्हात उभी ठेवली तरी कापडासारखा रंग उडत नाही. येथपर्यंत तुमचे बरोबर आहे.

पण दुमडणाऱ्या धातूच्या छताला हायड्रॉलिक पंप, तेलाच्या नळ्या, बिजागऱ्या, कड्या, सेन्सर आणि चहूबाजूंनी रबराच्या पट्ट्या असा मोठा संसार असतो. हे रबर आपल्याकडच्या उन्हाळ्यात कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात आणि पहिल्या पावसात पाणी दारावरच्या कडेने आत झिरपते. पाणी वाहून नेण्याच्या बारीक नळ्या झाडाच्या पानांनी आणि धुळीने तुंबतात. मग पाणी गालिच्याखाली साठते आणि तेथे बसवलेल्या विजेच्या उपकरणांपर्यंत पोहोचते. एखादा सेन्सर रुसला की छत अर्ध्यावर थांबते. अशा वेळी ती गाडी ना उघडी ना बंद, डिकी वापरता येत नाही आणि आकाशात ढग जमलेले, अशी स्थिती होते. शिवाय छत डिकीत गेल्यावर ३१० लिटरची जागा १८० लिटरवर येते. त्यात प्रवासाच्या दोन लहान मऊ पिशव्या बसतील, कडक सूटकेस बसणार नाही. यजमानांचे म्हणणे येथे खरे ठरते. याच कारणांनी, आणि मुख्यतः वजन व गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठी, बीएमडब्ल्यूने पुढच्या पिढीत पुन्हा कापडी छत आणले. ते ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात चालत्या गाडीतही १० सेकंदांत उघडते आणि डिकीची २८१ लिटर जागा छत उघडले तरी तेवढीच राहते. कापडी छत तकलादू असते, हा आपल्याकडचा समज आता सोडून द्यायला हवा. बंद गॅरेज असेल तर ते वर्षानुवर्षे टिकते.

३८ हजार किलोमीटर ही जमेची बाजू म्हणून तुम्ही अधोरेखित केली आहे. मी तिच्याकडे थोड्या शंकेने पाहतो. इतक्या वर्षांत एवढीच चाललेली गाडी बहुतेक काळ उभी असते. उभ्या गाडीचे रबर, तेलाचे सील, टायर, बॅटरी आणि पेट्रोलच्या नळ्या चालत्या गाडीपेक्षा अधिक लवकर खराब होतात. दरवर्षी नियमाने सर्व्हिस झालेली ६० हजारांची गाडी मी या गाडीपेक्षा आधी पाहीन. आणि मीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय ३८ हजार हा आकडाच मानू नये. गाडीचा चासी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून पूर्ण नोंदी मागवा. त्या देण्यास विक्रेत्याने टाळाटाळ केली तर प्रकरण तेथेच संपले असे समजा.

नोंदी समाधानकारक असतील तर दिल्लीला स्वतः जा. छायाचित्रे आणि व्हिडिओ यांवर २८ लाख देऊ नका. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन तुम्ही येईपर्यंत सुरू करू नये. थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट तुमच्या समोर व्हायला हवा. या गाडीतले सहा सिलिंडरचे, दोन टर्बोचे ३ लिटर इंजिन गोड आहे, पण त्याच्या खोडी सर्वज्ञात आहेत. स्टार्टर बराच वेळ फिरून मग इंजिन लागत असेल तर उच्च दाबाच्या इंधन पंपाकडे किंवा इंजेक्टरकडे बोट जाते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताना पत्रा खडखडल्यासारखा आवाज आला तर तो टर्बोकडचा. पाण्याचा पंप विजेवर चालतो. तो दमला की फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पंप शेवटचा कधी बदलला, हे नोंदीत शोधा. बदललेलाच नसेल तर तो खर्च आपल्या माथी आहे असे धरून भाव करा. या पिढीत उष्ण हवेत स्टीअरिंग मध्यभागी किंचित अडकल्यासारखे लागण्याची तक्रारही ओळखीची आहे. ती जाणवावी म्हणून गाडी चांगली तापेपर्यंत चालवा.

त्यानंतर छत. ते तीनदा उघडायला आणि तीनदा मिटायला लावा: एकदा गाडी थंड असताना, एकदा उन्हात तासभर उभी केल्यावर आणि एकदा पाणी मारून झाल्यावर. दर वेळी सेकंद मोजा. दोन्ही बाजू एकसारख्या वर येतात का, मध्येच अडखळतात का, कुरकुर येते का, हे बाहेर उभे राहून पाहा. डिकीच्या आतल्या कडांवर तेलाचा ओलसर थर असेल तर हायड्रॉलिकची गळती आहे. मग छत मिटून पाइपाने दहा मिनिटे पाणी मारायला सांगा आणि आत बसून काचेच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. गालिचा कोपऱ्यातून उचलून खाली हात घाला. डिकीचा तळही चाचपा.

आणखी एक गोष्ट अवश्य करा. दोन्ही सीटबेल्ट टोकापर्यंत पूर्ण बाहेर ओढा. आतड्यासारखा गुंडाळून राहणारा शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. त्यावर मातीची आडवी रेघ, बुरशीचे काळपट ठिपके किंवा कुबट वास असेल, तर गाडी पाण्यात बुडालेली होती. जुलै २०२३ मध्ये यमुनेच्या पुराने दिल्लीतल्या वस्त्यांत पाणी शिरले होते, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे आपल्याकडे अंबाझरीचे पाणी ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत आणि पार्किंगमध्ये काय झाले, ते तुम्ही पश्चिम नागपुरात राहून पाहिलेच असेल. बुडालेल्या गाड्या आतून-बाहेरून चकचकीत होऊन दुसऱ्या शहरातल्या बाजारात येतात. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात. ‘३११६’ याचा अर्थ २०१६ सालातला ३१ वा आठवडा. सहा वर्षांहून जुने टायर असतील तर चारही बदलायचे आहेत असे धरा. कंपनीने ही गाडी रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या, टायरवर दिली होती आणि स्टेपनी ठेवलेली नाही. रनफ्लॅटच्या कडा जाड व ताठ असतात, त्यामुळे आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर प्रत्येक धक्का मणक्यापर्यंत येतो.

मणक्यावरून आठवले. तुम्ही दिवसभर रुग्णावर वाकून काम करता. अशा गाडीत बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे आणि उठताना दाराच्या चौकटीला धरून स्वतःला वर खेचणे. तुमच्या व्यवसायात मान आणि कंबर यांच्या तक्रारी घरोघरी असतात, तेव्हा चाचणी फेरी दहा मिनिटांची घेऊ नका. एक तास चालवा, त्यातही खराब रस्त्यावरून चालवा, आणि किमान पाच-सहा वेळा उतरून पुन्हा बसा. तुमच्या सासूबाई ८० च्या पुढच्या आहेत, असे पत्रात आहे. त्यांना या गाडीत कधीच बसवता येणार नाही, हे मनाशी आताच मान्य करा. घराच्या गेटचा चढ आणि क्लिनिकच्या तळघरातला उतार यांचे फोटो सोबत न्या. तेवढ्या उताराच्या एखाद्या रॅम्पवर बंपर घासतो का, ते पाहून घ्या. नागपुरातले गतिरोधक कोणत्या मापाने बांधले जातात, हे कोडे अजून कोणाला सुटलेले नाही.

आता दिल्लीतली गाडी स्वस्त का, हा प्रश्न. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून त्या वयाकडे झुकणाऱ्या गाड्यांचा भाव तेथे पडतो आणि त्या इतर राज्यांत विकल्या जातात. तुम्हाला आवडलेल्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते. विक्रेत्याच्या घाईचे कारण बहुधा येथेच आहे. नागपुरात आणल्यावर तिची किंमत २८ लाख राहणार नाही. दुसऱ्या राज्याची गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर येथे नव्याने नोंदणी आणि करभरणा आवश्यक ठरतो. परदेशी बनावटीच्या आयात गाडीवर महाराष्ट्रात एकरकमी कराचा दर २० टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार आकारणी कमी लागते, पण नेमकी रक्कम आरटीओनेच सांगायला हवी. तुमचा पत्ता ज्या कार्यालयाकडे येतो, मग ते एमएच ३१ चे असो वा एमएच ४९ चे, तेथे आरसीची प्रत घेऊन जा आणि टोकन देण्यापूर्वी आकडा विचारून घ्या. १५ वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि आयात चारचाकीसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून ४० हजार रुपये झालेले आहे. ही रक्कम तुम्हाला जड नाही. ती आधी ठाऊक असावी, इतकेच.

त्यापेक्षा मुंबई किंवा पुण्यात नोंदलेली अशीच गाडी शोधावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. दोन-तीन लाख जास्त पडले तरी कर एकदा भरलेला असतो, कागदपत्रे एकाच राज्यात फिरतात आणि तपासायला पुन्हा जाणे सोपे पडते. घरी आणताना समृद्धीवरून चालवत आणण्याची हौसही भागेल, अर्थात छत मिटून.

किंमत उतरणार नाही, या तुमच्या हिशेबाबद्दल थोडे सांगतो. अशा गाडीची मागितलेली किंमत टिकून राहते, हे खरे. पण विकायला काढल्यावर नागपुरात गिऱ्हाईक किती, हा मुद्दा त्या हिशेबात नाही. येथे एखादी एसयूव्ही आठवडाभरात जाते; दोन आसनांच्या जुन्या उघड्या गाडीला महिनोन्महिने वाट पाहावी लागते आणि दरम्यान विमा व सर्व्हिस चालूच राहते. म्हणून गुंतवणूक हा शब्द या व्यवहारातून काढून टाका. खर्चाच्या ३५ लाखांपैकी किमान सहा-सात लाख पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा आणि ते गाडीच्या किमतीत अजिबात मिसळू नका. विम्याच्या बाबतीत हे लक्षात असू द्या की यंत्रणेचा आपसूक झालेला बिघाड साध्या पॉलिसीत भरून मिळत नाही. छताचा पंप गेला तर तो तुमच्या खिशातून. एवढ्या जुन्या गाडीला झीज न कापणारी पॉलिसीही सहसा मिळत नाही.

पेट्रोलचाही विचार व्हावा. आता पंपांवर सर्वत्र २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २०१२ ची ही गाडी १० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण गृहीत धरून बनलेली आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषते, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीत टाकी अर्धवट ठेवू नये. आणि गाडी चालत नसेल त्या उन्हाळ्यातही पंधरवड्यातून एकदा पहाटे अर्धा तास फिरवून आणावी. बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा. उंदरांचा बंदोबस्त करा. उभ्या गाडीच्या वायरी कुरतडण्यात ते जात-पात, ब्रँड पाहत नाहीत.

भावाच्या सूचनेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नवी झेड-फोर एम ४० आय सुंदरच आहे. ३४० अश्वशक्ती, १०० चा वेग साडेचार सेकंदांत, बांधणी ऑस्ट्रियातल्या ग्रात्सची. पण तिची एक्स-शोरूम किंमत ९० लाखांच्या घरात पोहोचली आणि त्यावर आयात गाडीचा कर. तुमच्या गरजेच्या तासांचा हिशेब वर केला आहे, त्यासाठी कर्ज काढणे मला मान्य नाही. जुलै २०२५ मध्ये आलेली विजेवरची एमजी सायबरस्टर तेव्हा ७५ लाखांची होती. इंजिनाची धग नाही, इथेनॉलची चिंता नाही, घरी चार्ज होते, दारे वर उघडतात. मात्र ७७ किलोवॉट-तासांची बॅटरी घेऊन तिचे वजन दोन टनांच्या जवळ जाते आणि तुमच्या खर्चाच्या दुपटीहून ती महाग आहे. जुन्या मर्सिडीज एसएलके गाड्यांचा विचार जरूर करा. दुमडणाऱ्या धातूच्या छताची चाल त्यांनीच १९९६ पासून लोकप्रिय केली. २००४ च्या पिढीपासून काहींत मानेवर गरम हवा सोडणारी सोयही आली, जिचा उपयोग नागपूरच्या जानेवारीत खरोखर होईल. वर छताबद्दल लिहिलेली सगळी तपासणी त्यांनाही लागू आहे.

तुमच्यापेक्षा कमी खर्चात हीच हौस करू पाहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची दोन आसनी गाडी अधूनमधून विक्रीला दिसते. सुट्या भागांसाठी वणवण करण्याची आणि स्वतः पाने-पेचकस हाती घेण्याची तयारी असलेल्यांनीच तिच्या वाटेला जावे. नुसते डोक्यावर आकाश हवे असेल तर कापडी छताची जुनी थार पुरते. तिचे छत हाताने दुमडावे लागते आणि जमिनीलगत बसून वळण घेण्याचा आनंद तिच्यात मिळत नाही, पण मागे मुले बसतात आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा मेकॅनिक भेटतो.

यजमानांशी बोलताना गाडीची तरफदारी करू नका. या हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडे जाल तेव्हा एखादी उघडी गाडी दिवसभरासाठी भाड्याने मिळते का ते पाहा आणि त्यांना शेजारी बसवून पहाटे फिरवून आणा. ऊन लागते का, कंबर दुखते का, लोक वळून पाहतात ते आवडते की लाज वाटते, याची उत्तरे दोघांनाही एका दिवसात मिळतील. हे शेवटचे क्षुल्लक समजू नका. लॉ कॉलेज चौकात सिग्नलला उभे असताना चारही बाजूंनी मोबाइल वर होतात आणि छत उघडे असेल तर लपायला जागा नसते. शहरात ओळखीच्या डॉक्टर म्हणून तुम्हाला ते दर वेळी सोसवेल का, हे तुम्हीच ठरवू शकता.

एवढे करूनही दिल्लीचीच गाडी मनात राहिली तर व्यवहार असा करा. टोकन दहा-वीस हजारांपेक्षा जास्त नको, आणि ते तपासणीत गाडी नापास झाल्यास परत मिळेल असे लेखी घ्या. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी पाहा. दिल्लीच्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाती येईपर्यंत किमान तीन-चार लाख रुपये राखून ठेवा. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात, सगळी रक्कम बँकेतूनच जावी आणि विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्यावा. गाडी नागपूरला चालवत आणण्याचा मोह टाळून बंद ट्रकमधून मागवा. स्टेपनी नसलेल्या, अनोळखी इतिहासाच्या गाडीचा पहिलाच प्रवास हजार किलोमीटरचा नसावा. आणि विक्रेता ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येत आहे’ असे म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकाला ती खुशाल घेऊ द्या.

— सल्लागार